दुधाची पिशवी एकाच दिशेने सरळ का फाटते?

बारामती-फलटण रस्त्यावर, नीरा नदीच्या काठी वसलेले सांगवी हे उसाच्या आणि दुधाच्या पट्ट्यातले गाव. या पट्ट्यातले दूध शहरातल्या घरांत पोहोचते ते बहुधा पॉलिथिनच्या पिशवीतून. त्या रिकाम्या पिशवीला उभी चीर पाडून पाहा; ती सरळ धावते. आडवी पाडली तर प्लॅस्टिक ताणले जाते आणि चीर वाकडी होते. पदार्थ एकच, मग वागणूक दोन तऱ्हांची कशी?

उत्तरासाठी १९३३ सालच्या इंग्लंडमध्ये जावे लागते. आयसीआय कंपनीच्या विनिंग्टन येथील प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट हे दोघे इथिलीन वायूवर प्रचंड दाब देत होते. त्यांना हवे होते भलतेच काही. पात्रात सापडला मेणासारखा पांढरा पदार्थ. हेच पॉलिथिन. अतिदाबाखाली तयार होणाऱ्या त्याच्या रेणूसाखळ्यांना झाडासारख्या लांब फांद्या फुटतात. अशा साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगू शकत नाहीत, म्हणून हे प्लॅस्टिक मऊ आणि लवचीक राहते. दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या केबलींवर चढले.

१९५३ मध्ये जर्मनीत कार्ल त्सीग्लर यांनी उत्प्रेरकाच्या साहाय्याने तोच वायू कमी दाबात जोडला. यावेळी साखळ्या जवळजवळ सरळ निघाल्या, एकमेकींशेजारी शिस्तीत रचल्या गेल्या आणि पदार्थ कडक झाला. वायू तोच, पण एकाची मऊ पिशवी झाली, तर दुसऱ्याची बादली.

भारतातल्या पॉलिथिनचे मूळ मात्र उसाच्या मळीपर्यंत जाते. १९५९ च्या सुमारास कोलकात्याजवळच्या रिश्रा येथे ते बनू लागले तेव्हा त्यासाठी लागणारे इथिलीन अल्कोहोलपासून मिळवले जाई आणि अल्कोहोल साखर कारखान्यांच्या मळीपासून. पुढे १९६८ मध्ये ठाण्याजवळ नोसिलचा नाफ्ता क्रॅकर सुरू झाला आणि खनिज तेलाने मळीला मागे टाकले. सांगवीच्या परिसरातल्या ऊसकऱ्यांना ही जुनी सोयरीक क्वचितच कोणी सांगितली असेल.

मुंबईत तेव्हा आरेचे दूध काचेच्या बाटल्यांतून येई. बाटली जड, फुटणारी. शिवाय ती परत नेऊन धुवावी लागे. पिशवीने हा सारा व्याप संपवला, पण तिच्यासाठी नुसते पॉलिथिन पुरेसे नव्हते.

दाणे वितळवून, गोलाकार फटीतून बाहेर काढून त्यात हवा भरतात. उंच, पारदर्शक फुगा वर चढतो. रूळ त्याला वर ओढतात, आतली हवा आडवी फुगवते आणि बाहेरचा गार वारा त्याला गोठवतो. वरची ओढ आडव्या ताणापेक्षा भारी पडली की बहुतेक साखळ्या उभ्या दिशेत झुकतात आणि तशाच थिजतात. त्यांच्यामधून चीर सहज धावते; आडवी चीर पाडायची तर त्या साखळ्याच तोडाव्या लागतात. फुगा हळू थंड झाला तर स्फटिक मोठे होतात आणि पापुद्रा धूसर दिसतो.

शिवाय पिशवीत दोन जातींचे पॉलिथिन मिसळतात. फांद्यांचे जुने पॉलिथिन फुगा स्थिर धरते. आखूड फांद्यांचे, १९७० च्या दशकाअखेर स्वस्त झालेले नवे पॉलिथिन चिवटपणा देते. खरी परीक्षा भरणाऱ्या यंत्रावर होते: तळाची शिवण अजून गरम असतानाच वरून दुधाचे वजन कोसळते. ती तेव्हा उघडली तर दूध जमिनीवर. बाटलीच्या युगाला निरोप दिला तो या गरम शिवणीच्या जोरावरच, असे म्हणणे फारसे अतिशयोक्तीचे ठरू नये.

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा दुधाच्या पिशवीला सूट मिळाली. पण जाडी किमान ५० मायक्रॉन हवी आणि परत घेण्याची किंमत, किमान ५० पैसे, पिशवीवर छापलेली हवी. या अटीमागे पदार्थाचे साधे गणित होते: अतिपातळ पापुद्रा वेचणाऱ्याला परवडत नाही, जाड पापुद्र्याला वजन असते आणि वजनाला भाव.

तरीही जुनी पिशवी वितळवली की फुग्यात मिळालेली साखळ्यांची मांडणी पुसली जाते; उष्णतेने काही साखळ्या तुटतात, काही एकमेकींत गुंततात; छपाईची शाई मिसळते. म्हणून तिची पुन्हा दुधाची पिशवी होत नाही. तिच्यापासून पाइप किंवा कचऱ्याच्या पिशव्या होतात. आणि पिशवी उघडताना कापून टाकलेला तो इवलासा कोपरा तर वेचणाऱ्याच्या हातीही लागत नाही. तो गटारात जातो. पिशवीला चीर द्यावी, पण कोपरा तिलाच लटकता ठेवावा, असे आवाहन केले जाते ते याचसाठी.