तंतुकणिका-विकृती व वार्धक्य : एचआयव्हीबाधितांतील

एचआयव्हीची बाधा होऊन अनेक वर्षे लोटलेल्या, औषधोपचाराने जगलेल्या व आता उतारवयाकडे झुकलेल्या व्यक्तींच्या पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांचे कार्य क्षीण झाल्यामुळे उद्भवणारा लक्षणसमूह. स्नायुदौर्बल्य, तळपायांची आग व बधिरता, त्वचेखालील मेदाचा क्षय आणि क्वचित रक्तातील लॅक्टिक आम्लाची प्राणघातक वाढ ही त्याची प्रमुख अंगे होत.

कारणमीमांसा : तंतुकणिकेस स्वतःचे 16,569 क्षारक-जोड्यांचे व 37 जनुकांचे डीएनए असून त्याची प्रतिकृती काढण्याचे काम मुख्यतः गॅमा पॉलिमरेज हे विकर करते. झिडोव्हूडिन (1987), डिडॅनोसिन (1991), स्टॅव्हूडिन (1994) ही औषधे विषाणूच्या विकरास रोखण्यासाठी योजिलेली असली, तरी गॅमा पॉलिमरेजही त्यांचा कमीअधिक प्रमाणात स्वीकार करते आणि डीएनएची साखळी मध्येच खुंटते, ही उपपत्ती लुईस व डलाकस यांनी 1995 साली मांडली. न्यूकॅसल येथील ब्रेंडन पेन व सहकाऱ्यांनी 2011 साली असे दाखविले, की औषध थांबून वर्षे उलटल्यावरही स्नायुतंतूंत दोषयुक्त डीएनएच्या प्रती वाढत जाऊन, निरोगी वृद्धांत आढळावा तसा ऱ्हास मध्यमवयीन रुग्णांत दिसतो. विषाणूचा व त्याने जागविलेल्या दीर्घ दाहाचा यात वाटा किती, आणि यास अकाली वार्धक्य म्हणावे की वार्धक्यातील नेहमीच्याच व्याधींचे आधिक्य, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

महाराष्ट्र व वऱ्हाड : शासनातर्फे मोफत औषधे 1 एप्रिल 2004 पासून सहा राज्यांतील आठ रुग्णालयांत सुरू झाली व मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक होते. आज वऱ्हाडातील रुग्णांसाठी अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय (लोकांच्या तोंडी ‘इर्विन’) व अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे एआरटी (विषाणुरोधी औषधोपचार) केंद्रे आहेत. आरंभीच्या नियमानुसार हिमोग्लोबिन 8 ग्रॅमपेक्षा कमी असलेल्या रुग्णास झिडोव्हूडिनऐवजी स्टॅव्हूडिन देण्याची तजवीज होती, कारण झिडोव्हूडिनने रक्तक्षय बळावतो. नियम योग्यच होता. परंतु मेळघाटच्या धारणी-चिखलदऱ्यापासून खाली पूर्णेच्या खोऱ्यापर्यंत जेथे स्त्रियांत रक्तक्षय पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे, तेथे तंतुकणिकांस अधिक जाचक असे औषध नेमके अशक्त स्त्रीच्याच वाट्यास येण्याचा संभव अधिक होता, आणि लॅक्टिक आम्लाच्या विकाराचा धोकाही स्त्रियांत अधिक असतो, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास या विषयातील सर्वांत महत्त्वाची वाटते. पश्चिम महाराष्ट्रातील रुग्णांत मेदविकृती आढळत असल्याचे संजय पुजारी व सहकाऱ्यांनी 2005 सालीच नोंदविले होते. गाल बसणे व हातापायांच्या शिरा उघड्या दिसू लागणे हा केवळ देहाचा दोष न राहता, गावात झाकून ठेवलेला आजार चेहऱ्यावरून ओळखला जाण्याचे निमित्त ठरला. स्टॅव्हूडिनचा वापर थांबवावा अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली केली व नंतर भारतातही ते मागे घेण्यात आले.

निदान : पायांतील चप्पल निसटली तरी कळत नाही, ही तक्रार वयाच्या खाती टाकून रुग्णास परत पाठविणे अनुचित होय. सेकंदास 128 कंपनांचा नादकाटा पायाच्या अंगठ्यावर टेकवून कंप जाणवतो की नाही हे पाहण्यास मिनिटही लागत नाही. अमरावतीस दाजीसाहेब पटवर्धनांच्या तपोवनामुळे कुष्ठसेवेची परंपरा असल्याने बधिरता म्हणताच कुष्ठाची शंका येणे स्वाभाविक आहे. मात्र कुष्ठात चट्टा बधिर व नस जाड लागते, तर औषधजन्य विकारात दोन्ही तळपायांची सारखीच आग होते व घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. क्षयावरील आयसोनियाझिडनेही असाच विकार होत असल्याने त्याची विचारपूस आवश्यक. लॅक्टिक आम्लाच्या (लॅक्टेटच्या) मोजणीसाठी रक्त घेताना रुग्ण विश्रांत असावा, दंडाला फीत आवळू नये, मूठ वळावयास सांगू नये, आणि फ्लोराइडच्या नळीतील नमुना बर्फावर ठेवून त्वरित प्रयोगशाळेत पोहोचवावा. अन्यथा आकडा खोटा वाढतो. केंद्राचे पांढरे कार्ड व रुग्णाजवळील हिरवे पुस्तक यांतून 2004 नंतरच्या पहिल्या वर्षांत कोणती गोळी किती मुदत चालली, हे काढून घ्यावे.

उपचार : जाचक औषध बदलून टेनोफोव्हिर-लॅमिव्हूडिनसारखी तुलनेने सौम्य औषधे देणे हा मुख्य उपाय होय; मात्र गेलेला मेद फारच सावकाश व अपुरा परततो.