वनस्पतिजन्य आहार आणि ब-१२ जीवनसत्त्व : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मांस-मासळीबरोबरच दूध, तूप व मधही वर्ज्य मानणाऱ्या आहारास 'व्हीगन' आहार असे म्हणतात. डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये 'व्हीगन सोसायटी' स्थापन केली, तेव्हा हा शब्द रूढ झाला. या आहारात ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव असते. तथापि हे जीवनसत्त्व प्रथम वेगळे केले गेले ते १९४८ मध्ये. म्हणजेच हा आहार आधी स्वीकारला गेला आणि त्याची उणीव नंतर ज्ञात झाली. ही उणीव इतकी अलक्षित का राहिली, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन रक्तक्षय, दोन द्रव्ये :
१९२६ मध्ये अमेरिकेतील मायनॉट व मर्फी यांनी दररोज भरपूर यकृत खाऊ घालून 'मारक रक्तक्षय' आटोक्यात आणता येतो, हे दाखविले. १९२८ च्या अखेरीस डॉ. ल्यूसी विल्स मुंबईत आल्या. तेथील गिरणी कामगार गरोदर स्त्रियांमध्ये वरकरणी तशाच दिसणाऱ्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. 'मार्माइट' या यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हा त्यांचा निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. मारक रक्तक्षयावर गुणकारी ठरणारा यकृताचा शुद्ध अर्क मात्र या विकारावर निष्प्रभ ठरला. यावरून ही दोन द्रव्ये भिन्न असल्याचे सूचित झाले. विल्स यांचे द्रव्य म्हणजे १९४१ मध्ये पालकाच्या पानांपासून मिळविलेले फॉलिक आम्ल. यकृतातील द्रव्य म्हणजे ब-१२.

झाकलेली उणीव :
फॉलिक आम्ल पालेभाज्या व कडधान्यांत विपुल असते. ब-१२ मात्र वनस्पती तयार करीत नाहीत आणि प्राणीही नाहीत; ते केवळ सूक्ष्मजीव निर्माण करतात. १९४५ नंतर मारक रक्तक्षयाच्या रुग्णांना कृत्रिम फॉलिक आम्ल देण्यात आले. त्यांचे रक्त सुधारले, परंतु मज्जातंतूंची हानी होतच राहिली. वनस्पतिजन्य आहारातही हाच धोका संभवतो : फॉलिक आम्लामुळे रक्तक्षय दिसत नाही आणि विकार आतल्या आत बळावतो. शिवाय यकृतातील ब-१२ चा साठा अनेक वर्षे पुरत असल्याने आहार बदलताच त्रास जाणवत नाही. १९५५ मध्ये फ्रँक वोक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीगन व्यक्तींमध्ये जीभ हुळहुळणे, हातापायांना मुंग्या येणे अशी लक्षणे नोंदविली. त्यानंतर या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

महाराष्ट्रातील संदर्भ :
भारतात १९७० पासून गरोदर स्त्रियांना लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्या गोळ्यांत ब-१२ चा अंतर्भाव नव्हता. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्या स्त्रिया व्हीगन नव्हत्या; तरीही निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये ब-१२ ची पातळी कमी आढळली. ज्या मातांमध्ये फॉलिक आम्ल अधिक व ब-१२ कमी होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक होता, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसून आले. गोळीत एक जीवनसत्त्व देताना दुसऱ्याचा विचार करावा लागतो, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
व्हीगन आहाराच्या प्रवर्तकांना या उणिवेबद्दल दोष देता येत नाही, कारण त्या काळी हे ज्ञानच उपलब्ध नव्हते. आज ते उपलब्ध आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दररोज २.२ मायक्रोग्रॅम ब-१२ ची शिफारस केली आहे. ही अल्प मात्रा ब-१२ मिसळलेल्या पदार्थांतून वा गोळीतून सहज मिळू शकते आणि व्हीगन सोसायटीही आज हाच सल्ला देते. आंबवलेले पदार्थ किंवा स्पिरुलिना यांवर मात्र विसंबून राहता येत नाही. अहिंसेचे तत्त्व व शरीराची गरज यांत विरोध नाही. मात्र केवळ तत्त्वाच्या बळावर ही गरज भागत नाही, हेच या इतिहासाचे सार होय.