पेव, बळद आणि तळघर : वऱ्हाडातल्या साठवणीचा इतिहास

अमरावती-अकोल्याकडे घर बांधायला काढलेली मंडळी हल्ली एक प्रश्न विचारतात. घराखाली तळघर काढावे का? काँक्रीटच्या भिंती, त्यात थर्मोकोलचा उष्णतारोधक थर, आणि आत वर्षाचे धान्य व जादा सामान. प्रश्न इंजिनिअरचा आहे, मान्य. पण मला तो इतिहासाचाही वाटतो. जमिनीखाली साठवण करणे आपल्याला नवे नाही. ती आपण का सोडली, हे आधी बघू या.

जुन्या गावाची विभागणी दोन शब्दांत होती : काळी आणि पांढरी. काळीत पिकवायचे, पांढरीवर राहायचे. यामागे मातीची पक्की जाण आहे. कपाशीची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत पुरलेली भिंत दर पावसाळ्यात बाजूने दाबली जाते. पांढरी तशी हलत नाही. म्हणून गढ्या पांढऱ्या मातीच्या, आणि धाब्याच्या घरांच्या छपरावरही पांढऱ्या मातीचा जाड थर.

पेव खणायचे तेही गावठाणातल्या उंच, कोरड्या जागी. तोंड अरुंद, पोट मोठे. आतून शेणामातीने लिंपायचे, कडब्याचा किंवा पेंढ्याचा थर द्यायचा, ज्वारी भरायची आणि तोंड दगडमातीने बंद करायचे. म्हणजे उष्णतारोधक थर होताच की, फक्त कडब्याचा! आतले धान्य आणि किडे प्राणवायू संपवतात, मग किडे मरतात. पण म्हणूनच पेव उघडल्याबरोबर आत उतरायचे नसते. आधी कंदील सोडून बघायचा. तो विझला, तर थांबायचे. हे न पाळल्याने माणसे गुदमरून गेलेली आहेत. भरपूर काही एकदम बाहेर आले की आपण ‘पेव फुटले’ म्हणतो, तो शब्द इथला.

पेवाचा शत्रू एकच, पाणी. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुराने त्यांचे मोठे नुकसान केले. घरातल्या रोजच्या धान्यासाठी वेगळी सोय होती, ती बळदाची. भिंतीआड बांधलेली बंद जागा. वरून भरायची, खालच्या तोंडातून काढायची. ती जमिनीच्या वर असे, हे लक्षात ठेवा.

मग पेवे गेली कशाने? १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. ज्वारीच्या जागी कापूस आला आणि धान्याच्या जागी रोकड. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ पडले. रेल्वेने धान्य येऊ शकत होते, पण ते विकत घ्यायला मजुराच्या हातात पैसा नव्हता. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळाच्या या नात्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे.

पण पेवाचे गोडवे गाताना एक विचारायला हवे. पेव कोणाचे होते? देशमुखाचे, पाटलाचे, सावकाराचे. मजुराच्या घरी कणगी, आणि पावसाळा लागेस्तोवर तिचा तळ दिसायचा. साठवण म्हणजे उद्यावरचा हक्क. तो सगळ्यांना सारखा कधीच नव्हता.

आता तळघराकडे येऊ. कॅनडा, उत्तर अमेरिका इथे थंडीत जमीन गोठते. पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावाच लागतो. एवढे खणलेच आहे, तर खोली करा, असा तिथला हिशेब. भिंतीतला थर घरातली ऊब राखतो. आपल्याकडे गोठणारी जमीन नाही. आपल्याकडे अकोल्याचा मे महिना आहे, पारा पंचेचाळिशीच्या वर. ते ऊन पडते छपरावर. म्हणून उष्णतारोधक थराला पहिला मान गच्चीचा.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर जास्तच जपले पाहिजे. तिथे माती खोल, काळी आणि चिकण, भूजल खारे. खारे पाणी काँक्रीटमधून झिरपले की आतली सळई गंजते. थर्मोकोल उष्णता अडवतो, मातीचा दाब अडवत नाही. शिवाय आषाढातली दमट हवा गार तळघरात शिरली की भिंतींना घाम सुटतो आणि धान्याला बुरशी लागते.

तेव्हा मुरमाची उंच जागा असेल, भिंतीभोवतीची काळी माती काढून मुरूम भरणार असाल, बाहेरून जलरोधक लेप आणि पाण्याला उताराची वाट देणार असाल, तर माती तपासून जरूर काढा. नाही तर जोते उंच घ्या आणि जमिनीच्या वर एक कोरडी, बंद, जाड भिंतींची खोली बांधा. तिला स्टोअररूम म्हणा. आजी असती तर बळद म्हणाली असती.