घरातली कडाबीन : विकण्यापूर्वी

घडियाळी पोळमधल्या जुन्या घरांची डागडुजी निघाली की माळ्यावरून हंडे-समयांबरोबर कधी कधी गंजलेली आखूड बंदूकही खाली येते. घरात तिला कडाबीन म्हणतात. हा शब्द परदेशी 'कार्बाइन'वरूनच आपल्याकडे रुळला. पूर्वज गायकवाडांच्या पागेत किंवा शिलेदारीत होते, त्यांची ही खूण. हल्ली अशा हत्यारांसाठी संग्राहकांचे दलाल फोन करतात आणि रोख रक्कम देऊ करतात. सभासद आम्हाला विचारतात, म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

पायदळाच्या लांब बंदुकीची नळी 39 इंचांचीही असे. घोड्यावर बसून तिच्यात बार ठासणे अवघड, म्हणून स्वारासाठी नळी आखूड केली. 1808 च्या सुमाराच्या इंग्रजी पॅजेट कडाबिनीची नळी अवघी 16 इंच होती. ठासणीचा गज हातून पडू नये म्हणून तो नळीच्या तोंडाशी बिजागरीने जोडलेला असे, आणि डाव्या बाजूस पट्ट्याला अडकवण्यासाठी लोखंडी सळी व कडी असे. 1856 च्या एन्फील्ड कडाबिनीची नळी 21 इंच. पुढे 1866 पासून स्नायडर पद्धतीत मागून काडतूस भरता येऊ लागले, आणि 1877 मध्ये मार्टिनी-हेन्रीची घोडदळी कडाबीन आली. हिच्या चापाखाली मोठी तरफ असते, ती खाली ओढली की काडतुसाचे घर उघडते.

1857 नंतर हिंदी पलटणींना इंग्रज पलटणींपेक्षा एक पिढी मागचे हत्यार देण्याचे सरकारी धोरण होते. त्यामुळे बंदुकीवरचे साल आणि आजोबा-पणजोबांच्या नोकरीचे साल जुळले नाही, तरी लगेच घरची गोष्ट खोटी ठरवू नये.

शिक्के मात्र नीट पाहावेत. चार भागांत विभागलेले बदाम आणि त्यात कंपनीची आद्याक्षरे हा ईस्ट इंडिया कंपनीचा जुना शिक्का. नंतर त्याच्या जागी मागच्या पायांवर उभा सिंह आला. मुकुटाखाली 'व्ही.आर.' म्हणजे राणी व्हिक्टोरिया. ती 1837 मध्ये गादीवर आली, तेव्हा त्या अक्षरांशेजारी 1820 साल कोरलेले असेल तर माल नकली. खैबर खिंडीच्या भागात अशा नकला पुष्कळ झाल्या. काहींवर इंग्रजी अक्षरे चक्क उलटी आहेत! पॉलिश पेपरने घासून चकचकीत करू नये, शिक्के जातात आणि त्यांच्याबरोबर किंमतही.

त्याआधी एक सावधगिरी. ठासणीच्या बंदुकीत जुना बार तसाच राहिलेला असू शकतो. परवानाधारक बंदूक-दुरुस्ती करणारा नळीत काठी घालतो आणि तीच बाहेरून नळीला लावून पाहतो. काठी कानापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी ठासलेले आहे. तोवर घोडा, चाप कोणी हाताळू नये. मुलांना तर फोटोसाठीही देऊ नये.

आता कायदा. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 प्रमाणे जुनाट वा पुरातन हत्यार दुरुस्ती करूनही चालू शकत नसेल तर त्याला सूट आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्राने पुरातन दुर्मिळ लहान शस्त्रे बाळगण्यासाठी परवान्याची अट काढली, पण वापरण्यास वा घेऊन फिरण्यास परवाना लागतोच. आपली कडाबीन कशात बसते हे दलालाने ठरवायचे नाही. वडोदरा शहरात पोलीस आयुक्त कार्यालयाकडून ते लेखी घ्यावे. परवाना लागणारे हत्यार विनापरवाना सापडल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 2 वर्षे कैद आहे. परवान्यावरचे हत्यार विकायचे तर घेणाराही पात्र हवा, आणि अधिकाऱ्यांना आगाऊ लेखी कळवून 45 दिवस थांबावे लागते. 'उद्याच गाडी पाठवतो' म्हणणाऱ्याला हे सांगून पाहावे, बहुतेक वेळा फोन पुन्हा येत नाही. 100 वर्षांवरील वस्तू परदेशी पाठवणे खासगी व्यक्तीला मनाईच आहे.

बँकेतली आमची जुनी सवय म्हणून आणखी एक: लॉकरमध्ये ठेवू नये. लॉकरच्या करारात शस्त्रांना स्पष्ट बंदी असते.

बंदुकीबरोबर रोजमुऱ्याची चिठ्ठी, सनद, जुना फोटो असेल तर तो फार मोलाचा. कागद बहुधा मोडीत असतो, म्हणून घरात कोणी वाचत नाही आणि रद्दीत जातो. त्याच्याशिवाय ही बाजारातली एक जुनी बंदूक, त्याच्यासह ती अमक्या घराण्यातल्या अमक्या स्वाराची. विकायचे ठरलेच तर दलालाला छायाप्रत द्यावी, मूळ कागद घरातच ठेवावा.