पितृऋण आणि रंगभूमि



पाटणापाशीं केरा नदी कोयनेस मिळते. तीच कोयना पुढें कऱ्हाडास कृष्णेशीं एकरूप होते आणि तें पाणी सांगलीच्या घाटांवरून वाहत जातें. या काठांवर पितरांना तिलांजलि देण्याची चाल पुरातन आहे. परंतु ज्याचा पिता नट होता, त्यानें त्याचें तर्पण कोठें करावें? चित्रकारामागें चित्र उरतें, कवीमागें ग्रंथ उरतो. नटाची कृति मात्र पडदा पडतांच नाहींशी होते. ती पुन्हां दिसावयाची तर कोणीतरी पुन्हां उभें राहून गाइलें पाहिजे. म्हणून नटाच्या मुलांचें पितृऋण इतरांच्याहून अवघड.

मृत पित्यासाठीं नाटकाचा आश्रय घेणारा जगांतील सर्वांत प्रसिद्ध पुत्र म्हणजे शेक्सपिअरचा हॅम्लेट. राजवाड्यांत नाटक करवून तो पित्याच्या वधाचा छडा लावतो. हें नाटक मराठींत आणिलें तें याच कृष्णाकाठीं, टेंभू गांवीं, १८५६ सालीं जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनीं. त्यांचें ‘विकारविलसित’ १८८३ सालीं प्रसिद्ध झालें. आणि ज्या मंडळीनें सातारच्या शाहूनगराचें नांव धारण केलें होतें, त्या शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनीं त्यांतील नायकाची भूमिका अजरामर केली. पण हॅम्लेटला नाटकांतून सूड साधावयाचा होता. सांगलीच्या ज्या कुटुंबाची हकीकत मी सांगणार आहें, त्यांतील मुलांना केवळ एक आवाज राखावयाचा होता.

१८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें ‘सीतास्वयंवर’ केलें, ती ही सांगली. मास्तर दीनानाथ मंगेशकरांनीं याच नगरींत बिऱ्हाड केलें. गोव्यांतील मंगेशी येथें २९ डिसेंबर १९०० रोजीं जन्मलेला हा गायक लहानपणींच किर्लोस्कर मंडळींत आला. पुढें १९१८ सालीं त्यानें चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बलवंत संगीत मंडळी काढली. राम गणेश गडकऱ्यांनीं आपल्या अंतकाळीं, जानेवारी १९१९ मध्यें, ‘भावबंधन’ पुरें केलें तें या मंडळीसाठीं. त्यांतील लतिका आणि ‘रणदुंदुभि’तील तेजस्विनी या दीनानाथांच्या भूमिकांनीं प्रेक्षकांस वेड लाविलें. परंतु बोलपटांचा काळ आला. मंडळीनेंही सांगलींत चित्रपटाचें धाडस केलें. १९३४ चें ‘कृष्णार्जुन युद्ध’ अपयशी ठरलें आणि कर्जानें मंडळी खचली. २४ एप्रिल १९४२ रोजीं पुण्यास दीनानाथ निवर्तले. वय अवघें एकेचाळीस.

मागें पत्नी माई आणि पांच मुलें. थोरली लता तेरा वर्षांचीही नव्हती. धाकटा हृदयनाथ चार वर्षांचा. नाटक मंडळी उरली नव्हती, तेव्हां पित्याचा रंगमंच पुन्हां उभारणें या मुलांना अशक्य होतें. लताबाईंनीं त्याच वर्षीं ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटांत काम पत्करिलें. अभिनय त्यांना आवडत नसे, पण घरांत चूल पेटावयास हवी होती. चार वर्षांपूर्वीं सोलापुरास पित्याच्या शेजारीं बसून त्यांनीं गाणें म्हटलें होतें. वारसा म्हणावा तो हाच.

यांत एक विलक्षण योग आहे. या मुलीचें मूळ नांव हेमा. ‘भावबंधना’तील लतिकेवरून तें लता झालें, असें सांगतात. म्हणजे रंगभूमीवरील एका पात्राचें नांव पुढें देशभर घरोघर पोहोंचलें. तें पात्र ज्यानें उभें केलें, तो मात्र तें ऐकावयास नव्हता.

स्थैर्य आल्यावर भावंडांनीं ऋणाची फेड आरंभिली. ‘मानापमान’, ‘रणदुंदुभि’, ‘संन्यस्त खड्ग’ यांतील पित्यानें गाजविलेलीं पदें आशाबाईंनीं ध्वनिमुद्रित केलीं. स्त्रीवेष घेऊन पित्यानें म्हटलेलीं गाणीं आतां मुलीच्या कंठांतून आलीं! दीनानाथांच्या नांवाचें स्मृतिप्रतिष्ठान निघालें. २४ एप्रिलच्या सोहळ्यांत गायकांबरोबर नाट्यकर्मींचाही गौरव होत आला. सांगलींत आणि मुंबईस पार्ल्यास त्यांच्या नांवाचीं नाट्यगृहें उभीं राहिलीं. ६ फेब्रुवारी २०२२ रोजीं लताबाईही गेल्या. पदें मात्र राहिलीं.

नाट्यगृहावर नांव कोरणें सोपें आहे. त्या नांवाला शोभेल असें नाटक आंत चालविणें कठीण आहे. मंगेशकर भावंडांनीं दगडाआधीं सूर जपला, हें त्यांच्या पितृभक्तीचें खरें मर्म होय. हा मार्ग केवळ थोरांसाठीं नाहीं. पाटण खोऱ्यांतील गांवांतूनही जत्रेच्या निमित्तानें नाटकें होत आलीं आहेत. ज्यांच्या वडिलांनीं कधीं काळीं तोंडाला रंग लाविला असेल, त्यांनीं त्या भूमिकेचीं भाषणें आणि पदांच्या चाली जाणत्या माणसांकडून आजच उतरवून घ्याव्या, आणि पुढच्या जत्रेंत त्या जागीं स्वतः उभें राहावें. वडिलांच्या तसबिरीला हार घालण्याहून हें काम अधिक श्रमाचें आहे, आणि म्हणूनच अधिक मोलाचें आहे.