एक जूनला जन्मलेला जिल्हा

थ्रेड : नंदुरबार, मुलांचे वाढदिवस आणि जन्मतारखेचा इतिहास

महाराष्ट्रातील सरकारी कार्यालयांत ३१ मे हा निरोपसमारंभांचा दिवस असतो. शाल, श्रीफळ, हार आणि भाषणे. एकाच दिवशी एवढी माणसे निवृत्त का होतात, याचे उत्तर सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर सापडते. कागदोपत्री यांतील पुष्कळांचा जन्म १ जूनचा असतो आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम आहे.

१ जून हा काही जन्माला येण्याचा खास मुहूर्त नव्हे. ती शाळेची तारीख आहे. जूनमध्ये शाळा भरू लागत. मास्तर पटनोंदणीसाठी घरोघर फिरत. मुलाचे वय विचारले, की आई सांगे, ‘मोठ्या पुराच्या साली झाला’ किंवा ‘धाकट्या दिराच्या लग्नात रांगत होता’. मास्तर मुलाची उंची पाही, दुधाचे दात पडले आहेत का ते पाही, आणि शाळा सुरू होताना प्रवेशाचे वय बरोबर पूर्ण होईल अशा बेताने दाखल-खारीज नोंदवहीत तारीख लिही. ती बहुधा १ जून असे. वर्ष अंदाजाचे, तारीख सोयीची. पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर हीच तारीख उतरे आणि मग ती आयुष्यभर बदलत नसे.

ही कथा साऱ्या महाराष्ट्राची असली, तरी नंदुरबारमध्ये ती विशेष ठळक दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे : भिल्ल, पावरा, मावची, कोकणा. सातपुड्यात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत महसुली दफ्तराच्या कक्षेबाहेर राहिलेली वनगावे होती. तेथे शासनाचा जो पहिला कागद मुलाच्या वाट्याला येई, तो बहुधा शाळेचा. (जिल्ह्याचा स्वतःचा वाढदिवस मात्र निर्विवाद आहे. धुळे जिल्ह्यातून तो १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. एका महिन्याने चुकला, एवढेच.)

मग प्रश्न असा, की तारीख लिहिली जात नव्हती तेव्हा मुलाचा जन्मदिवस कोणालाच ठाऊक नव्हता काय?

ठाऊक होता. तो मुलाच्या नावातच ठेवलेला असे. भिल्ल आणि पावरा समाजांतील जुनी नावे पाहावीत : सोमवारचा सोमा, मंगळवारचा मंगल्या, बुधवारचा बुध्या, शुक्रवारचा शुक्र्या, आदित्यवारचा दित्या. मुलींमध्ये सोमी, मंगी, बुधी. दिवाळीत झालेला दिवाल्या. अशा माणसाला हाक मारणे म्हणजे त्याच्या जन्माचा वार उच्चारणे होय. साल विसरले जाई, तिथी विसरली जाई, पण वार विसरण्याची सोयच नव्हती. मास्तरांनी बुध्याच्या नावापुढे १ जून लिहिला, तेव्हा त्या वर्षी १ जूनला बुधवार होता की नाही, हे पाहण्याची गरज कोणाला वाटली असेल? नोंदवहीच्या एकाच ओळीत खरा वार आणि कल्पित तारीख शेजारी-शेजारी बसली आहेत.

सपाटीवरील गावांत आणि नंदुरबार, शहादा, तळोदा यांसारख्या बाजारपेठांत निराळी रीत होती. ब्राह्मण, वाणी, गुजर अशा घरांत पंचांग असे आणि पत्रिका मांडली जाई. पंचांगाचा वाढदिवस तिथीने येतो. त्या दिवशी अभ्यंगस्नान, तीळ-गूळ घातलेले दूध, सप्तचिरंजीव आणि मार्कंडेय यांचे स्मरण, पाटाभोवती रांगोळी, आणि निरांजन, सुपारी व अंगठी घेऊन औक्षण. मेणबत्ती विझविण्याची प्रथा युरोपातून, मुख्यतः जर्मन भाषक मुलखांतील बालोत्सवांतून, जगभर पसरली. येथे दिवा लावण्याची रीत होती. दोन्हींत ज्योत आहे, पण एकीत ती फुंकायची असते आणि दुसरीत ओवाळायची.

जन्मतारखेबाबत इतकी काळजी घेऊनही घोळ टळत नसे. याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे शिवाजी महाराजांची जन्मतिथी. दीर्घकाळ वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इ.स. १६२७, ही तिथी मानली जात होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद निघाली. वाद पुढे कित्येक दशके चालला. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख २००१ मध्ये स्वीकारली. राजपुत्राची ही कथा, तर अक्राणीतल्या बुध्याकडे पुराव्याची अपेक्षा कोणी कशाला धरावी?

आता हाताने केलेल्या भेटींकडे वळू. मराठी घरांत बालकासाठी होणारे खरे उत्सव वाढदिवसाला नव्हे, तर जन्मानंतरच्या पहिल्या वर्षातच दाटीने येतात, आणि त्यांतली बहुतेक प्रत्येक वस्तू घरातच तयार होई. पाचवी, बारसे आणि मग बाळंतविडा. आजोळहून येणाऱ्या या विड्यात झबली, टोपडी, दुपटी, कुंची आणि गोधडी असत. कुंची म्हणजे डोके झाकून पाठीवर रुळणारे बाळाचे वस्त्र. तिला जरीचा काठ, टिकल्या, गोंडे लावण्यात मावशी-आत्यांची चढाओढ लागे. गोधडी आजीच्या जुन्या लुगड्यांची. नवे कापड बाळाच्या अंगाला टोचते, धुऊन-धुऊन मऊ झालेले टोचत नाही. हा व्यवहार होता, आणि त्यातच तीन पिढ्यांचा स्पर्श एका थरावर एक बसे. बाजारात विकत घेण्यासारखी ती वस्तूच नव्हती.

बालमृत्यू सर्रास होत असलेल्या काळात पहिले वर्ष ओलांडणे हीच बातमी होती. त्यामुळे पाचवा दिवस, बारावा दिवस, सव्वा महिना असे टप्पे मोजले जात. दहावा किंवा अकरावा वाढदिवस साजरा करण्याची निकड त्या मानाने कमी होती.

श्रावणातील शुक्रवार पाहावेत. भिंतीवर जिवतीचा कागद लावलेला असतो. तीत लेकुरवाळ्या जरा-जिवंतिका झुलताना दिसतात. आई घरातल्या सगळ्या मुलांना एका ओळीत पाटावर बसवते आणि पुरणाच्या दिव्यांनी ओवाळते. जे मूल दूर असेल, त्याच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकते. हा एका मुलाचा वाढदिवस नव्हे. तारीख ठाऊक असलेले, नसलेले, थोरले, धाकटे, सारेच त्या दिवशी एकदम ओवाळले जातात.

आणि बोरन्हाण. संक्रांत ते रथसप्तमी या काळात, बाळाच्या पहिल्या संक्रांतीला होणारा हा समारंभ म्हणजे अस्सल मराठी बालमेळावा. बाळाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालतात. हलवा करणे हे चिकाटीचे काम. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ किंवा खसखस, आणि त्यावर चमचा-चमचा साखरेचा पाक सोडत बोटांनी हलवत राहायचे. घाई केली तर काटा येत नाही. काटेदार हलवा जमला, की तो दोऱ्यात ओवून मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा, मुलासाठी बासरी. मग बाळाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे ओतले जातात आणि गल्लीतली पोरे ती लुटतात. ज्याचा समारंभ तो मध्ये भांबावून बसलेला आणि पाहुणे जमिनीवर लोळण घेत आहेत, असे ते दृश्य असते.

या लुटीवरून एक प्रसंग सांगणे भाग आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेस उतरला. सुरतेहून बुऱ्हाणपुरास जाणारा व्यापारी मार्ग नंदुरबारवरून जाई, आणि त्याच मार्गाने तो उत्तरेस गेला. १ सप्टेंबर १६१७ रोजी मांडू येथे त्याने जहांगीर बादशहाचा वाढदिवस पाहिला. बादशहाची तुला झाली : सोने, चांदी, रेशीम, धान्य. त्यानंतर बादशहाने चांदीच्या पातळ पत्र्याची बदामे, फळे आणि मसाल्याचे पदार्थ दरबारात उधळले, आणि मोठमोठे उमराव पोटावर पडून ते गोळा करू लागले! रो मात्र ताठ उभा. ते पाहून बादशहाने एक भरलेले ताट त्याच्याच अंगरख्यात रिते केले.

बोरन्हाण यातून आले, असे म्हणण्यास काहीही आधार नाही, आणि तसे सांगणारी एखादी पोस्ट फिरताना दिसली तर दुर्लक्ष करावे. साम्य आहे ते माणसाच्या स्वभावात. जाता जाता, ‘ऐने अकबरी’त शाहजाद्यांच्या तुलेचाही नियम दिला आहे. दुसऱ्या वर्षी एकाच वस्तूने तुला, आणि पुढे दरवर्षी एकेक वस्तू वाढवायची.

खानदेशात होळीही मुलांचीच. साखरेच्या पाकातून लाकडी साच्यांत ओतलेले हार-कंगन होळीपूर्वी नंदुरबारच्या बाजारात मांडले जातात आणि लहान मुलांच्या गळ्या-हातांत चढतात. सातपुड्यात भोंगऱ्या बाजार आणि काठीची राजवाडी होळी. यांतला एकही उत्सव मुलाला ‘तुझी तारीख कोणती?’ असे विचारत नाही.

तारखेचे महत्त्व वाढविले ते कायद्याने. ब्रिटिश अमदानीपासून गावोगावच्या जन्म-मृत्यूंची नोंद होत आली. ‘कोतवाल बुक’ म्हणून ती आज ओळखली जाते. पण त्या नोंदीत बहुधा बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा झाला’ किंवा ‘मुलगी झाली’ एवढेच सापडते. बाळाचे नाव त्या वेळी ठेवलेलेच नसे. म्हणजे दफ्तरात तारीख होती, नाव नव्हते. घरात नाव होते, तारीख नव्हती. १ एप्रिल १९३० पासून शारदा कायदा लागू झाला. मुलीच्या विवाहासाठी १४ आणि मुलाच्या विवाहासाठी १८ वर्षे ही किमान मर्यादा ठरली. १९७८ मध्ये ती १८ आणि २१ झाली. कायद्याने वय मागितले, परंतु ते सिद्ध करणारा कागद असंख्य मुलींपाशी नव्हता. शाळेत नाव न घातलेल्या मुलीला तर १ जूनसुद्धा मिळाला नाही. तिचे वय लग्न ठरविणारी माणसे सांगत, तेवढेच असे.

याच दशकांत एक सार्वजनिक वाढदिवस मात्र हाताने केलेल्या भेटीचा म्हणूनच रूढ झाला. गांधीजींची जन्मतिथी भाद्रपद वद्य द्वादशी. आपला दिवस साजरा करायचाच असेल, तर तो चरख्याचा दिवस म्हणून करावा, अशी त्यांची इच्छा होती. गुजरातीत ती रेंटिया बारस, मराठीत चरखा द्वादशी. भेट म्हणून स्वतः कातलेल्या सुताची गुंडी. गुजराती बोलणारी व्यापारी घराणी असलेल्या नंदुरबारला हा शब्द परका वाटण्याचे कारण नव्हते.

अशाच एका गुजराती भाषक घरात २८ डिसेंबर १९२६ रोजी शिरीषकुमार मेहता जन्मला. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये निघालेल्या मिरवणुकीत तिरंगा हाती घेऊन तो पोलिसांच्या गोळीबारास सामोरा गेला. त्याच्यासह लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे हुतात्मे झाले. काही पुस्तके शिरीषकुमारचे वय पंधरा सांगतात, काही सोळा. यात चूक कोणाचीच नाही. त्याला पंधरा वर्षे आणि आठ महिने पूर्ण झाले होते. मराठी रीतीने पंधरा सरले, सोळावे चालू. माणिक चौकातील स्मारकापाशी गाव दरवर्षी सप्टेंबरात जमते. डिसेंबरातली तारीख त्या मानाने थोड्यांनाच आठवते.

स्वातंत्र्यानंतर १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आला आणि नोंद सर्वत्र सक्तीची झाली. डोंगरात ती प्रत्यक्ष उतरायला आणखी कित्येक वर्षे लागली. आश्रमशाळांच्या पटावर १ जून भरतच राहिला. तारीख खऱ्या अर्थाने पोहोचली ती प्रसूती दवाखान्यात होऊ लागल्यावर. नर्मदेकाठच्या गावांसाठी बोटीवरचा तरंगता दवाखाना सुरू झाला, आणि तेथे परिचारिकेच्या वहीत तारखेबरोबर वेळ आणि वजनही लिहिले जाऊ लागले.

१ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या शाळाप्रवेशासाठी जन्माचा दाखला हाच तारखेचा पुरावा ठरतो. या मुलांच्या नावापुढे अंदाजाने तारीख लिहिण्याची वेळ मास्तरांवर येणार नाही. धडगाव-तळोद्याच्या बाजारातही आता केक मिळतो आणि त्यावर मुलाचे नाव घालून देतात. तो ज्या दिवशी कापायचा तो दिवस खरा असतो. केकपाशी टोपी घालून उभ्या असलेल्या बापाच्या आधार कार्डावर मात्र अजूनही पुष्कळदा १ जूनच छापलेला असतो, आणि आजोबांना विचारले तर ते फक्त वार सांगतात.