शकुंतलेच्या आवृत्त्या: मालिनीपासून टिटवाळ्यापर्यंत

टिटवाळ्याच्या महागणपतीची स्थळकथा ही शकुंतलेची कथा आहे. कल्याणहून कसाऱ्याकडे निघाले की शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा. गाव काळू नदीच्या काठचे. येथे कण्व ऋषींचा आश्रम होता, दुर्वासांच्या शापाने दुष्यंत राजाला शकुंतलेचा विसर पडला, तेव्हा कण्वांनी तिला गणेशाची उपासना करायला सांगितली, तिने या गणपतीची स्थापना केली आणि तिचा मोडलेला संसार पुन्हा उभा राहिला, असे परंपरा सांगते. लग्न जुळत नसलेली मुले-मुली, संसारात बिनसलेली जोडपी या गणपतीला साकडे घालतात ती याच श्रद्धेने. अंगारकीला तर देवळाबाहेरची रांग लांबच लांब जाते.

या कथेला टिटवाळ्याच्या आधीही आवृत्त्या होत्या आणि नंतरही झाल्या. सगळ्यांत एक पेच कायम आहे: चोरून लग्न केलेली बायको भर दरबारात समोर उभी राहते आणि राजा तिला ओळख देत नाही. पेच कसा सोडवायचा, हे मात्र त्या-त्या काळच्या सादरीकरणाच्या नियमांनी ठरवले. जुना खेळ नव्या नियमांत बसवताना काय ठेवायचे आणि काय बदलायचे, याचा इतका लांबचा आणि इतका स्पष्ट इतिहास दुसऱ्या फारच थोड्या कथांना आहे.

सर्वांत जुनी आवृत्ती महाभारताच्या आदिपर्वातली. तिथली शकुंतला लाजरी मुळीच नाही. गांधर्वविवाहाला होकार देण्याआधीच ती अट घालते की होणारा मुलगाच युवराज झाला पाहिजे. पुढे वाढलेला मुलगा बरोबर घेऊन ती दरबारात जाते. राजाला सगळे आठवत असते, तरी तो नाही म्हणतो. मग ती बोलते, आणि थोडेथोडके बोलत नाही. पत्नी म्हणजे काय, पुत्र म्हणजे काय, सत्य म्हणजे काय, हे ती राजाला भर सभेत ऐकवते. शेवटी आकाशवाणी होते आणि राजा कबूल करतो की लोकांनी मुलाच्या जन्माबद्दल शंका घेऊ नये म्हणून आपण असे वागलो. नाटकामुळे ओळखीचे झालेले दुर्वास या कथेत नाहीत, राजाने दिलेली अंगठी नाही, ती गिळणारा मासाही नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने वि. स. सुखटणकरांच्या संपादनाखाली आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती १९३३ मध्ये पूर्ण केली, तिच्यातही हीच कथा आहे.

कालिदासाने ही कथा नाटकासाठी घेतली आणि तिथे अडचण आली. संस्कृत नाट्यशास्त्राप्रमाणे ‘नाटक’ या प्रकाराचा नायक प्रख्यात आणि उदात्त असावा लागतो. सगळे आठवत असूनही बायकोला नाकारणारा राजा त्या चौकटीत बसत नाही. पुढे दहाव्या शतकात धनंजयाने ‘दशरूपक’ ग्रंथात हा नियम स्पष्टच मांडला: मूळ कथेत नायकाला किंवा रसाला बाधक असे जे काही असेल ते गाळावे, नाहीतर वेगळ्या रीतीने कल्पावे. कालिदासाने हेच आधी करून ठेवले होते. शापामुळे राजा खोटारडा न ठरता विसरभोळा ठरला. अंगठीमुळे स्मृती परत आणण्याची वाट मिळाली आणि अंगठी हरवल्यामुळे मधले अंक उभे राहिले.

त्याची कारागिरी खरी दिसते ती शाप कुठे ठेवला यात. चौथ्या अंकाच्या आरंभी अनसूया आणि प्रियंवदा फुले वेचत असतात. दुर्वास रंगमंचावर येतच नाहीत, पडद्यामागून फक्त त्यांचा आवाज येतो. शकुंतला दुष्यंताच्या विचारात इतकी हरवलेली की तो आवाज तिच्या कानावरच पडत नाही. सख्या ऋषींची विनवणी करून उःशाप मिळवतात आणि गोष्ट आपल्यापाशीच ठेवतात. कण्वांनाही ती कळत नाही. शकुंतलेला शापाचा उलगडा होतो तो थेट सातव्या अंकात, मारीच ऋषींच्या आश्रमात. म्हणजे पाचव्या अंकातल्या दरबारात काय घडते आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते, पण रंगमंचावरच्या कोणालाही नसते. या बदलाची किंमत मात्र शकुंतलेने मोजली. महाभारतातली वाद घालणारी बाई येथे बरीच गप्प झाली.

या दोन्ही आवृत्त्यांशेजारी टिटवाळ्याची कथा ठेवली की तिचे वेगळेपण ध्यानात येते. तिच्यात शाप आहे, म्हणजे ती महाभारतातून नव्हे, कालिदासाच्या वाटेने आली आहे. पण तिच्यात कण्वांना शाप ठाऊक आहे आणि शकुंतलेलाही. ती व्रत घेते, मूर्ती स्थापते आणि आपला प्रश्न स्वतः सोडवायला लागते. स्थळकथेचा नियमच तसा असतो: देवस्थानाशी भक्ताचा व्यवहार दाखवायचा तर भक्ताला संकट माहीत असायला हवे आणि त्याने काहीतरी करायला हवे. अंगठी आणि मासा योगायोगाने मिळतात, व्रत योगायोगाने होत नाही. कालिदासाने शकुंतलेच्या हातून काढून घेतलेले कर्तेपण टिटवाळ्याच्या लोककथेने वेगळ्या मार्गाने तिला परत दिले. महाभारतात आणि नाटकात कण्वांचा आश्रम हिमालयाच्या पायथ्याशी, मालिनी नदीच्या काठी आहे. टिटवाळ्यात मालिनीच्या जागी काळू आली. आपल्या गावची नदी कथेत आणणे हा लोकपरंपरेचा जुना हक्क आहे. कथेचे हे रूप खोटे ठरवण्यापेक्षा ते काय करते हे पाहणे अधिक मोलाचे.

देवळाचा इतिहास मात्र पेशवाईतला सांगितला जातो. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७६१ ते १७७२ या काळात, दुष्काळ पडला असता गावच्या तळ्याचा गाळ उपसण्याचे काम निघाले आणि त्या गाळात मूर्ती सापडली, अशी परंपरा आहे. ती सापडल्याचे श्रेय सरदार रामचंद्र मेहेंदळे यांना दिले जाते. त्यानंतर पेशव्यांनी देऊळ बांधले. पुढे लाकडी सभामंडप जुना झाला आणि १९६५-६६ च्या सुमारास जीर्णोद्धार झाला.

पेशवाई संपल्यानंतर महाराष्ट्रात पौराणिक कथांना नवी रंगभूमी मिळाली. कर्नाटकातल्या करकीहून आलेल्या भागवत मंडळींचे यक्षगान सांगलीत झाले. ते पाहून तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसे मराठीत करायला सांगितले आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. भाव्यांच्या नाटकात लिहिलेली असत ती पदे, आणि ती सूत्रधार म्हणे. प्रसंग कोणता, पुढे काय होणार, हे पदांतून ठरे. संवाद लिहिलेले नसत. देव, राक्षस, ऋषी, स्त्रिया यांची सोंगे घेतलेले नट आपापल्या पात्राला शोभेल असे जागच्या जागी बोलत. सूत्रधार शेवटपर्यंत रंगमंचावर राहून खेळ चालवी.

या रीतीचा जवळचा नातेवाईक विसाव्या शतकात अमेरिकेत जन्मला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडचे तिथल्या तिथे बोलतात, फासे निकाल ठरवतात. खेळाचे नियम वेळोवेळी बदलले आणि दर वेळी जुनी साहसकथानके नव्या नियमांत उतरवण्याचे काम निघाले. ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांचे १९८३ चे ‘रेव्हनलॉफ्ट’ २०१६ मध्ये पाचव्या आवृत्तीसाठी ‘कर्स ऑफ स्ट्राड’ या नावाने नव्याने आले. किल्ला तोच, पिशाच सरदार तोच, पत्त्यांवरून भविष्य सांगून महत्त्वाच्या वस्तू कुठे दडल्या आहेत हे ठरवण्याची युक्तीही तीच. लढाईचे आकडे मात्र सगळे नवे, आणि किल्ल्याभोवतीचा प्रदेश कितीतरी वाढवलेला. त्यातल्या भटक्या जमातीचे चित्रण पूर्वग्रहाचे आहे अशी टीका झाल्यावर २०२० मध्ये तेही सुधारले गेले. बाधक ते बदलावे हा धनंजयाचा नियम तिथेही कोणालातरी सुचलाच.

भाव्यांची रीत चाळीसेक वर्षे टिकली, पण इंग्रजी शिकलेल्या पिढीला तिच्यातला राक्षसांचा आरडाओरडा आणि ऐनवेळचे बोलणे खटकू लागले. त्याच सुमारास शकुंतला वेगळ्याच वाटेने परत आली. विल्यम जोन्स यांनी १७८९ मध्ये कलकत्त्यात कालिदासाचे नाटक इंग्रजीत आणले. १७९१ मध्ये गेओर्ग फोर्स्टर यांनी त्यावरून जर्मन भाषांतर केले आणि ते वाचून कवी गटे भारावून गेला. युरोपने डोक्यावर घेतलेले हे नाटक आपल्याकडच्या शिक्षितांनी नव्या अभिमानाने उघडले. परशुरामतात्या गोडबोल्यांनी त्याचे मराठी भाषांतर केले. पण ते वाचण्याचे पुस्तक होते. भाव्यांचे नाटक रंगमंचावर होते पण त्याची संहिता नव्हती, गोडबोल्यांचे नाटक संहिता होते पण रंगमंचावर नव्हते.

ही दोन टोके जोडली बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्करांनी. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८४३ मध्ये जन्मलेले अण्णासाहेब पुण्यात महसूल खात्यात नोकरीला होते. पारशी मंडळींचा गाण्यांचा खेळ त्यांनी पाहिला आणि मराठीत तसे, पण कालिदासाच्या दर्जाचे, काही करावे असे त्यांनी मनात घेतले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत झाले, बाळकोबा नाटेकर कण्व, शंकरराव मुजुमदार शकुंतला, आणि सूत्रधार स्वतः अण्णासाहेब.

त्या रात्री पहिले चारच अंक झाले, हे विशेष. म्हणजे प्रेक्षकांनी शाप ऐकला, पण त्याचे फळ पाहिले नाही. दरबारातला नकार नाही, अंगठी नाही, पुनर्मीलन नाही. पडदा पडला तो शकुंतलेच्या पाठवणीवर. चौथा अंक नाटकाचा प्राण आहे, असे संस्कृत रसिक फार पूर्वीपासून मानत आले होते. ज्या घरांत मुलीची पाठवणी हा लग्नातला सर्वांत जड प्रसंग असतो, तिथल्या प्रेक्षकांना कण्वांचा गहिवर समजावून सांगावा लागला नाही. सातही अंक रंगमंचावर आले ते पुढच्या वर्षी.

किर्लोस्करांचा मोठा बदल असा की पदे सूत्रधाराकडून काढून त्यांनी पात्रांच्या तोंडी घातली. सूत्रधार नांदी आणि प्रस्तावना करून आत जाऊ लागला. नाटकात दोनशेच्या आसपास पदे होती. साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली, लावणी, कर्नाटकी वळणे, हिंदुस्थानी राग असे सगळे त्यांनी घेतले, आणि बहुतेक चाली प्रेक्षकांच्या कानांत आधीपासूनच होत्या. कालिदासाने श्लोकात साधलेला भाव त्यांनी पदात उतरवला. नकाराच्या प्रसंगाला महाभारताने वाद दिला, कालिदासाने अंगठी दिली, टिटवाळ्याने व्रत दिले, किर्लोस्करांनी गाणे दिले. मूळ नाटकाची बांधणी त्यांनी फारशी हलवली नाही, आणि हा संयम त्यांच्या कल्पकतेइतकाच मोलाचा.

पुढे १८८२ मध्ये बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर किर्लोस्करांच्या नाटक कंपनीत आले आणि त्यांच्या गळ्याने ही पदे गावोगाव गेली. अण्णासाहेब १८८५ मध्ये वारले, पण कंपनी चालू राहिली. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, तिच्यात दाखल झाले आणि रंगमंचावर उभे राहिले ते शकुंतलेच्याच भूमिकेत. चित्रांतही ती होतीच: राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून १८९४ मध्ये निघालेले पहिले रंगीत चित्र शकुंतलाजन्माचे होते. व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराचा पहिला चित्रपटही ‘शकुंतला’च. १९४३ च्या त्या चित्रपटात जयश्री शकुंतला झाल्या होत्या.

रंगमंचावर मात्र नंतरचा सर्वांत मोठा नियम घड्याळाने घातला. रात्रभर चालणारे, पदापदाला ‘वन्स मोअर’ घेणारे नाटक तीन तासांत बसवायचे तर दोनशे पदांतली बहुतेक पदे गळतात आणि प्रवेशही कापावे लागतात. अशा वेळी कात्री सहाव्या अंकाच्या आरंभीच्या कोळ्याच्या प्रवेशाकडे वळते, कारण त्यात नायक नाही, नायिका नाही आणि गाण्याला जागाही थोडी. पण तो गाळू नये. राजाची मुद्रा असलेली अंगठी विकताना एक गरीब कोळी पकडला जातो, शिपाई त्याच्या धंद्यावरून त्याची टवाळी करतात आणि त्याला देहदंड द्यायला त्यांचे हात शिवशिवतात. मग राजाकडून बक्षीस येते, कोळी निम्मे त्यांच्या हातावर ठेवतो आणि मघाचे शिपाई दोस्त होऊन त्याच्यासह गुत्त्याकडे निघतात. कालिदासाने ही माणसे राजाच्या संस्कृतात बोलवली नाहीत, त्यांना प्राकृत दिली. मराठीत राजा आणि कोळी एकाच भाषेत बोलू लागले की हा भेद पुसट होतो. कल्याण-ठाण्याच्या परिसरात आगरी-कोळी बोली आजही घराघरांत बोलली जाते, आणि या प्रवेशाला तिच्याइतकी नेमकी भाषा शोधून सापडणार नाही.